मुलांना क्षमा कशी शिकवायची, थोडं मनातलं

मुलांचं भांडण झालं की आपण पहिलं काय करतो, तर ज्याची चूक जास्त दिसते त्याला दंडाला धरून समोर उभं करतो आणि म्हणतो "सॉरी म्हण आधी". मग तो फरशीकडे बघत सॉरी म्हणतो, मग दुसऱ्याला सांगतो "तू पण म्हण, जाऊ दे म्हण", तो पण दातओठ खात म्हणतो, झालं, प्रकरण मिटलं, आपण परत किचनमध्ये. मला हे अजिबात पटत नाही आणि खूप दिवस यावर लिहायचं मनात होतं. आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) दोन-तीन तरुण आयांनी परवा परत तोच प्रश्न विचारला की मुलांना क्षमा करायला कसं शिकवायचं, तर म्हटलं बसून लिहूनच टाकू.

मी मूळची नगरकडची (आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय), लग्नानंतर पुण्यात. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. माझं बालपण सगळं संडे स्कूल, सुवर्णवचनं (पाठ करायची बायबलची वचनं), मे महिन्यातलं व्हीबीएस (मुलांचं सुट्टीतलं बायबल शिबिर) आणि नाताळच्या नाटकात गेलं. पेत्र या शिष्याने येशूला विचारलं की माझ्या भावाने माझा अपराध केला तर मी किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, आणि येशू म्हणाला सात वेळा नाही तर साताच्या सत्तर वेळा, हे मला वाचता यायच्या आधीपासून पाठ होतं, आमच्या बाईंनी तालावर पाठ करून घेतलेलं. माझ्या मुलांनाही पाठ आहे. वचन पाठ असणं मोठी गोष्ट आहे, मी ते हलकं करत नाही, संकटात तेच आठवतं. पण वचन पाठ झालं म्हणजे मूल क्षमा करायला शिकलं असं नाही होत. माझं ठाम मत असं आहे की मुलाला क्षमा आधी मिळावी लागते, घरात, आपल्याकडून, मग ते दुसऱ्याला देतं. बायबलमध्ये योहानाच्या पहिल्या पत्रात प्रीतीबद्दल हेच आहे ना, त्याने आपल्यावर आधी प्रीती केली म्हणून आपण करतो. क्षमेचंही तसंच.

आमचे पप्पा एस.टी.त कंडक्टर होते. कडक माणूस, पैशाच्या बाबतीत तर फारच, कारण रोज दुसऱ्याच्या पैशाचा हिशोब द्यायचा. एकदा त्यांच्या खिशातली शंभराची नोट गायब झाली आणि संशय आला माझ्या भावावर, कारण त्याला त्या दिवसांत क्रिकेटची बॅट हवी होती आणि तो सारखा तेच बोलत होता. तो नाही नाही म्हणत राहिला आणि पप्पांनी त्याला चांगलंच मारलं. दुसऱ्या दिवशी त्यांना आठवलं, मग हिशोबातही सापडलं, की ती नोट त्यांनी स्वतःच घाईत कॅशमध्ये भरली होती. संध्याकाळी प्रार्थनेला आम्ही सगळे बसलो, आई, आजी, आम्ही दोघं. पप्पांनी शास्त्र (बायबल) उघडलंच नाही. ते भावाला म्हणाले, "बाळा, माझं चुकलं, मी तुला न विचारता चोर ठरवलं, तू मला माफ करशील का, आणि आज प्रार्थना तू कर माझ्यासाठी." भाऊ तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेल. तो इतका रडला की प्रार्थना काही झाली नाही, पप्पांनी त्याला मांडीवर घेतलं, आणि आजी नुसती "प्रभू, प्रभू" म्हणत राहिली. आज माझा भाऊ स्वतः दोन मुलींचा बाप आहे. तो मार त्याला फारसा आठवत नाही म्हणतो, ती संध्याकाळ मात्र सगळी आठवते, कोण कुठे बसलं होतं तेसुद्धा.

मला वाटतं आपल्याकडे आईबापांनी मुलांची माफी मागणं म्हणजे मान कमी होणं असं कुठेतरी डोक्यात बसलंय. प्रेषित पौल बायबलमधल्या कलस्सैकरांच्या पत्रात बापांना सरळ सांगतो की मुलांना चिरडीस आणू नका, ती खिन्न होतील. खिन्न मूल तुम्ही बघितलं असेल. ते भांडत पण नाही. त्याला माहीत असतं की आपण काहीही बोललो तरी घरात निकाल आधीच लागलेला आहे. अशा मुलाला क्षमेवर कितीही शिकवा, ते ऐकून घेतं, बस.

आता उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बाप आणि दोन मुलांची गोष्ट. प्रत्येक मंडळीत वर्षातून एकदा तरी यावर उपदेश होतोच, लूक १५. बहुतेक वेळा सगळा जोर धाकट्या मुलावर असतो, तो गेला, पैसे उडवले, डुकरं चारली, शेंगा खाव्याशा वाटल्या, शुद्धीवर आला. आईबापाच्या नजरेने वाचलं तर मला दुसऱ्याच गोष्टी दिसतात. एक म्हणजे धाकट्याने घरी निघण्याआधीच एक भाषण तयार केलं होतं, त्यातलं शेवटचं वाक्य होतं की मला आपल्या एका मजुरासारखं ठेवा. घरी आल्यावर तो भाषण सुरू करतो पण ते शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही, कारण बाप मध्येच चाकरांना हाका मारायला लागतो, झगा आणा, अंगठी आणा, जोडे आणा. बापाने त्याला मजूर होऊच दिलं नाही. आणि हे बघा, बापाने "सगळे पैसे काय केलेस" हे विचारलेलं पूर्ण दाखल्यात कुठेही नाही. आपण असतो तर पहिला प्रश्न तोच. चूक मान्य करून आलेल्या मुलाला आपण आधी सगळा तपशील परत सांगायला लावतो, कधी, कुठे, कोणाबरोबर, किती वेळा, आणि मग म्हणतो ठीक आहे, माफ केलं. तोपर्यंत ते मूल मजूर झालेलं असतं.

आणि मोठा मुलगा! त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं पण घराघरात तो असतो, कधी ती मोठी मुलगी असते. शहाणं मूल, कधी त्रास नाही, अभ्यास करतं, धाकट्याला सांभाळतं. दाखल्यात तो शेतातून येतो, घरातून गाण्याबजावण्याचा आवाज येतो, आणि त्याला चाकराला विचारावं लागतं की काय चाललंय. मला इथे नेहमी वाईट वाटतं, त्याला बोलवायला कुणी शेतावर गेलंच नाही. तो म्हणतो की मी इतकी वर्षं राबलो, मित्रांबरोबर मजा करायला मला कधी एक करडूही दिलं नाहीत. पण त्याच्यासाठीसुद्धा बाप घर सोडून बाहेर आला आणि त्याची समजूत काढायला लागला. म्हणजे त्या एका दिवसात बाप दोन मुलांसाठी दोनदा बाहेर आला. आणि तो मोठा मुलगा शेवटी आत गेला की नाही हे येशूने सांगितलंच नाही, दाखला तिथेच संपतो. ज्यांच्या घरात एक मूल त्रास देणारं आणि एक गुणी आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की गुणी मुलाजवळ बसा. त्याच्यावर अन्याय झालाय असं त्याला वाटत असेल तर ते ऐकून घ्या, "तू तरी समजून घे" असं लगेच म्हणू नका. हे वाक्य ऐकून ऐकून शहाणी मुलं आतून कडू होतात आणि मोठेपणी भावाबहिणीशी बोलत नाहीत, आपण म्हणतो वाटणीवरून बिघडलं, पण ते वीस वर्षं आधीच बिघडलेलं असतं.

आमच्याकडे रात्री जेवणानंतर कौटुंबिक उपासना असते, छोटीशीच, एक गायन, थोडं वाचन, प्रभूची प्रार्थना. मध्यंतरी मुलाने ताईचा सायन्सचा प्रोजेक्ट खराब केला. मुद्दाम नाही, पण तिने "हात लावू नको" सांगितलेलं असताना लावला आणि पाण्याची बाटली सांडली. ती भयंकर चिडली. मी त्याला सॉरी म्हणायला लावलं नाही, त्याला तिच्याबरोबर बसून नवीन चार्टपेपरवर रेषा मारायला लावल्या, तेवढं त्याला जमत होतं. रात्री प्रार्थनेत सगळे एका सुरात म्हणत होतो आणि "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथे मुलगी गप्प झाली. ती ओळ सोडली आणि "आम्हांस परीक्षेत आणू नको" पासून परत म्हणायला लागली. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी मानेनेच नको म्हटलं. दुसऱ्या रात्री पण तसंच. माझ्या सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या, त्यांना मी नंतर विचारलं की मी काही बोलायला हवं होतं का, तर त्या म्हणाल्या, "अगं आपण सगळे ती ओळ झोपेत पण म्हणतो, ती पोरगी एकटी खरं बोलतेय, तिला राहू दे." मग काही दिवसांनी एका रात्री तिने ती ओळ म्हटली, हळूच, भावाकडे न बघता. कोणी काही बोललं नाही. मी त्या रात्री देवाचे खूप आभार मानले, कारण जबरदस्ती केली असती तर तिने पहिल्याच रात्री म्हटली असती आणि ती ओळ तिच्यासाठी कायमची पोकळ झाली असती.

क्षमेला वेळ लागतो हे शास्त्रातच आहे, आपणच घाई करतो. याकोबाचा मुलगा योसेफ घ्या. सतरा वर्षांचा होता तेव्हा भावांनी त्याला खड्ड्यात टाकलं, विकलं. (आणि त्या सगळ्याचं मूळ याकोबाने त्याच्यासाठी वेगळा केलेला झगा, हे आईबापांनी विसरू नये, एका मुलाचे जास्त लाड केले की त्याची किंमत तेच मूल भरतं.) तो मिसरच्या (इजिप्तच्या) राजापुढे, फारोपुढे उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा, पुढे सुकाळाची सात वर्षं गेली, दुष्काळाची दोन वर्षं होत आली तेव्हा भावांना ओळख दिली, म्हणजे जवळजवळ बावीस वर्षं. आणि भाऊ पहिल्यांदा धान्य घ्यायला मिसरमध्ये त्याच्याकडे आले तेव्हा त्याने लगेच मिठी मारली नाही. ओळख लपवली, कडक बोलला, त्यांच्यातल्या शिमोनाला ठेवून घेतलं, मध्ये बाजूला जाऊन रडला पण. तो बघत होता की ही माणसं बदललीत का. ज्या यहूदाने त्याला विकायचं सुचवलं होतं तोच यहूदा जेव्हा म्हणाला की सगळ्यात धाकट्या भावाच्या, बन्यामिनाच्या जागी मला गुलाम करून ठेवा, तेव्हा योसेफाला राहवलं नाही आणि तो इतक्या मोठ्याने रडला की बाहेर मिसरी लोकांना ऐकू गेलं.

मुलांना ही गोष्ट सांगताना मी एक मुद्दा नेहमी काढते, की माफ करणं आणि परत भरवसा ठेवणं या दोन गोष्टी एकाच दिवशी व्हायला पाहिजेत असं नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरात नववीतला मुलगा आईच्या फोनवरून गेममध्ये पैसे घालवायचा, यूपीआयचा पिन बघून ठेवला होता. कळल्यावर घरात मोठा स्फोट झाला, मग त्याने सगळं कबूल केलं, आईने त्याला जवळ घेतलं, माफ केलं. पण पिन बदलला, फोन रात्री आईबापांच्या खोलीत, आणि तो मुलगा सुट्टीत मामाच्या दुकानात बसून थोडे थोडे पैसे परत देतो. कोणीतरी तिला म्हणालं की हे ख्रिस्ती क्षमेत बसत नाही, माफ केलं तर विसरून जा. मला वाटतं तिने अगदी बरोबर केलं. जक्कय नावाच्या जकातदारानेसुद्धा येशूला घरी जेवायला घातलं तेव्हा ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देतो म्हणाला, येशूने त्याला नको नको म्हटलं नाही. पैसे परत देताना त्या मुलाची मान ताठ राहते, तो परत उभा राहतो. आई फक्त एक गोष्ट पाळते, भांडण दुसऱ्या कशावरून झालं तरी तो विषय काढत नाही. प्रीती अपकार स्मरत नाही हे पौलाचं वचन लग्नाच्या पत्रिकांवर छापतात, पण खरी गरज पोरं वयात आल्यावर लागते.

मी शाळेत होते तेव्हा जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातून बातमी आली, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा तिमथी, मनोहरपूर गावात गाडीत झोपलेले असताना जमावाने जाळून मारलं. स्टेन्स बारीपदाला कुष्ठरोग्यांमध्ये काम करत होते, १९६५ पासून. आमच्या घरात त्या रात्री प्रार्थनेत कोणालाच काही बोलता येईना. आणि मग काही दिवसांत ऐकलं की त्यांच्या बायकोने, ग्लॅडिस स्टेन्स यांनी, मारणाऱ्यांना क्षमा केली असं सांगितलं. अंत्यविधीत त्या आणि त्यांची मुलगी एस्तर दोघींनी गायन म्हटलं. मला तेव्हा ते पचलं नाही, मी आईला विचारलं होतं की त्यांना राग येत नाही का. आई म्हणाली, "येत असेल गं, पण त्यांना ती मुलगी वाढवायची आहे ना." मोठी झाल्यावर, स्वतः आई झाल्यावर, मला या उत्तराचं वजन कळलं. द्वेष घेऊन त्या एस्तरला काय देणार होत्या. त्या त्यानंतरही काही वर्षं बारीपदालाच राहिल्या, कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं, २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि कोर्टात खटला चालला, मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली. त्यांच्या क्षमेने कोर्टाचं काम थांबलं नाही आणि कोर्टामुळे त्यांची क्षमा खोटी ठरली नाही.

दुसरी गोष्ट मी मुलांना रक्षाबंधनाला सांगते. सिस्टर (नन) राणी मारिया, केरळच्या, मध्य प्रदेशात उदयनगर भागात गरीब शेतकऱ्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवायचं काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्यांना बसमध्येच चाकूने भोसकून मारलं. मारणाऱ्याचं नाव समंदर सिंह. त्यांची सख्खी धाकटी बहीण, त्याही सिस्टर, सेल्मी पॉल, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आल्या. पुढे तो सुटला, केरळला त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली, आणि २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं त्या सोहळ्याला तो हजर होता. आम्ही प्रॉटेस्टंट, त्या कॅथलिक, पण या गोष्टीपुढे तो फरक मला दिसत नाही. माझ्या मुलाने विचारलं, "मम्मी, तो त्यांचा भाऊ कसा काय झाला?" मी म्हटलं राखी बांधली म्हणून. त्याला ते लगेच पटलं, मोठ्यांना पटायला वेळ लागतो.

पण इथे मला एक गोष्ट फार स्पष्ट लिहायची आहे, कारण क्षमेच्या नावाखाली आपल्या लोकांमध्ये एक घातक सवय आहे. एखाद्या मोठ्या माणसाने, नातेवाईक असो, शिक्षक असो, मंडळीतला कोणी मान्यवर असो, मुलाला नको तसा हात लावला, आणि मुलाने घरी सांगितलं, तर "प्रभूने क्षमा करायला सांगितलंय, आता हे बाहेर काढू नको" असं म्हणणं हे पाप आहे. मी मुद्दाम हा शब्द वापरते. लहानांपैकी एकाला अडखळण आणणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणं बरं, असं बोलणारा येशूच होता, मत्तय १८, त्याच अध्यायात ज्यात साताच्या सत्तर वेळा आहे. दोन्ही एकाच तोंडून आलंय. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, त्यात असं काही माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर घरातल्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ असावा, सुवर्णवचनाइतकाच. पीडित मुलाला क्षमेचा उपदेश करायचा अधिकार आपल्याला नाही. त्याचं संरक्षण करायचं, त्याच्यावर विश्वास ठेवायचा, त्याचं आणि देवाचं पुढे काय बोलणं होईल ते होईल, त्याला हवा तेवढा वेळ लागेल.

आता आशेबद्दल. मला वाटतं क्षमा मागचं बघते आणि आशा पुढचं, पण मुलाच्या बाबतीत दोन्हींची गाठ एकच आहे, आपण त्याच्यावर शिक्का मारायचा की नाही. "हा असाच आहे, आळशी." "हिचं काही खरं नाही." "मोठा काकावर गेलाय." दहावीच्या निकालाच्या दिवशी तर हे शिक्के पाहुण्यांसमोर मारले जातात. ज्याला आपण माफ केलं म्हणतो त्याच्यावर शिक्का तसाच ठेवला तर मग माफ काय केलं?

यासाठी मला शास्त्रातला सगळ्यात आवडता माणूस म्हणजे बर्णबा, पहिल्या मंडळीतला पौलाचा सोबती. त्याच्यावर उपदेश फार ऐकू येत नाहीत. प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये पौल आणि बर्णबा पहिल्या मिशनवर निघतात, बरोबर मदतीला योहान मार्क हा तरुण. पंफुल्यातल्या पिर्गा गावी पोचले आणि मार्क त्यांना सोडून यरुशलेमला परत गेला. का गेला ते लिहिलेलं नाही. घरची आठवण आली, घाबरला, आजारी पडला, काहीही असू शकतं, तरुण पोरगा. पुढच्या वेळी निघताना बर्णबा म्हणाला मार्कला परत घेऊ, पौल म्हणाला अजिबात नाही, ज्याने अर्ध्यावर सोडलं तो नको. आणि त्यावरून दोघांचं इतकं कडाक्याचं वाजलं की ते वेगळे झाले. पौल सीलाला घेऊन एकीकडे गेला, बर्णबा मार्कला घेऊन कुप्र बेटाला (सायप्रसला). दोघंही मोठे विश्वासू, तरी भांडले, शास्त्राने लपवलं नाही हे मला फार आवडतं. आणि गंमत बघा, पौल स्वतः जेव्हा नवा नवा विश्वासात आला आणि यरुशलेममध्ये सगळे शिष्य त्याला घाबरत होते, कोणी जवळ करत नव्हतं, तेव्हा त्याला हाताला धरून प्रेषितांकडे कोणी नेलं होतं? बर्णबानेच.

मग वर्षं गेली. पौल तुरुंगात, म्हातारा झालेला, आपला तरुण सहकारी तीमथ्य याला शेवटचं पत्र लिहितो आणि त्यात म्हणतो, मार्काला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. तोच मार्क. आणि मंडळीची परंपरा सांगते की मार्काचं शुभवर्तमान त्यानेच लिहिलं. बर्णबाने त्या दिवशी हट्ट धरला नसता तर? प्रत्येक मुलाला एक तरी बर्णबा मिळायला हवा, आई नाही तर मावशी, मामा, संडे स्कूलची बाई, शेजारचे काका, कोणीतरी जो म्हणेल मी याला घेऊन जातो माझ्याबरोबर. बरोबर घेऊन जाणं आणि काम देणं, आशा तिथून सुरू होते. येशूनेसुद्धा तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला समुद्रकाठी मासे भाजून खायला घातले आणि मग काम दिलं, माझी मेंढरं पाळ.

आमच्या घरात आशेची गोष्ट म्हटली की पणजीची गोष्ट निघते. माझ्या आजीची आई, ती गुजरातच्या बाजूची, १९०० च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या लोकांनी ज्या मुलींना केडगावला आणलं त्यातली एक. पाचेक वर्षांची असेल. गावाचं नाव तिला सांगता आलं नाही, आईबाप मेले की त्यांनी सोडून दिलं हेही तिला कधी कळलं नाही. रमाबाईंनी स्वतः दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती, पुढे भाऊ गेला, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच गेला, पदरात तान्ही मनोरमा. अशी बाई दुसऱ्यांच्या मुली गोळा करत फिरली. केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनात त्या मुलींना नुसतं जेवण नाही तर काम शिकवलं, विणकाम, शेती, छापखाना. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच मुलींनी तिथल्याच छापखान्यात छापलं. ज्यांना समाजाने वाया गेलेल्या म्हणून टाकलं होतं त्या बायकांसाठी कृपासदन वेगळं काढलं. म्हणजे कोणावरही शेवटचा शिक्का मारायचाच नाही हे त्या संस्थेच्या पायातच होतं.

आजी सांगायची की पणजी रोजच्या प्रार्थनेत "माझ्या आईबापाला, ते कुठं असतील तिथं" असं म्हणायची, म्हातारी होईपर्यंत. टाकून दिलं असेल तर का टाकलं, हा प्रश्न तिने मुलांसमोर रागाने कधी काढला नाही. तिने सहा मुलं वाढवली, त्यातल्या दोन मुली नर्स झाल्या आणि एक मुलगा शिक्षक. मला सारखं वाटतं की तिने तो राग घरात आणला असता तर तो आजीत उतरला असता, आजीतून पप्पांमध्ये, आणि त्या नोटेच्या दुसऱ्या दिवशी पप्पांना आपल्या पोराची माफी मागणं सुचलंच नसतं. ही चार पिढ्यांची साखळी आहे आणि तिची पहिली कडी एका अनाथ पोरीच्या हातात होती. रमाबाईंनी केडगावला जे केलं त्याचा फायदा आज पुण्यात माझ्या मुलांना मिळतोय, हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये, मला ते रोज दिसतं.

संडे स्कूलच्या शिक्षकांना शेवटी एक विनंती. वचन पाठांतराच्या स्पर्धा घ्या, बक्षिसं द्या, पण जे पोरगं मागच्या बाकावर बसून गोंधळ घालतं, ज्याला मागच्या वर्षी नाताळच्या नाटकातून काढलं होतं, त्याला यंदा काहीतरी काम द्या, पडदा ओढायचं का होईना, आणि ते त्याच्यावरच सोडा. त्याच्या आईला फोन करून सांगा की आम्हाला तो हवाय. आमच्या मंडळीत एका बाईंनी गेल्या वर्षी असं केलं, तो मुलगा आता साऊंड सिस्टीम सांभाळतो, रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन वायरी लावत असतो.